चौकातला उलटा खांब

हे मी परवा दुपारपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपतं असं वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखत नाही. पण एवढी एक गोष्ट लपली. चार वर्षं लपली.

मी सुतार. जुन्या नाशकात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत कुमुदताईंचा वाडा आहे. सांगाडा सगळा सागाचा, भिंती नुसत्या भरायला. तो आम्ही पुन्हा उभा केला, मी आणि दगूमामा. मामा दिंडोरीचे, नात्याने माझे कुणी नव्हेत. पण लाकूड तासायचा वाकस हातात धरायला त्यांनीच मला शिकवलं. काय दिवस होते ते! खांब, तुळया — सगळं आकडे घालून उतरवलं, कुजलेलं तेवढं बदललं, पुन्हा चढवलं. एकही खिळा न मारता खांबाच्या टोकाची कूस तुळईच्या खाचेत बसली की मामा "बसली!" म्हणून ओरडायचे आणि समोरच्या ओट्यावरून कुमुदताई चहा सांगायच्या. इतकं हसत मी कधी काम केलेलं नाही.

चौकातला एक खांब पार गेला होता. नवा मी एकट्याने घडवला. आमच्यात नियम असा, की झाड उभं होतं तसाच खांब उभा करायचा — बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणतात. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. आणि मी? मी वरची कूस बुंध्याच्या टोकाला पाडली, आणि खांब उलटा उभा राहिला. कळलं केव्हा? वर तुळया-फळ्या चढल्यावर, वास्तुशांत दोन दिवसांवर आली तेव्हा.

मी गप्प बसलो. उतरवायचा म्हणजे अर्धा चौक उतरवायचा, मुहूर्त हुकायचा, आणि गावभर माझं नाव — हो, खरं कारण तेच. नाव.

वास्तुशांतीला वाड्यात माणूस मावत नव्हता. मामांना तेव्हा कमी दिसायला लागलं होतं. लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा एकेका खांबावरून हात फिरवत ते चालले होते. त्या खांबापाशी थांबले. हात खालून वर नेला, वरून खाली आणला.

"सुऱ्या, ह्यो उलटा हाय. गाठी खाली तोंड करून बसल्यात."

'हो' म्हणायला काय लागत होतं? मी हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो. म्हटलं, "मामा, डोळे गेले होते, आता हातही गेले का?" लोक हसले. मामाही हसले — जरा उशिरा.

आठ दिवसांनी ते घरी आले आणि आपला वाकस माझ्या हातात ठेवला. हाताला लाकूड कळेनासं झालंय म्हणाले, उगाच कुणाचं घर कशाला बिघडवायचं. आणि मी तो घेतला. कळतंय ना तुम्हाला? मी घेतला.

उलट्या खांबाच्या त्या वाड्याचं काय झालं म्हणाल? भरभराट! कुमुदताईंच्या नातीला जुळं झालं. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे त्यांचे दोन दीर दिवाळीला एका पंगतीत बसले. दर वेळी पेढे माझ्याकडे — सुतारबुवांचा हातगुण! मी खाल्ले. गोड लागले, खोटं कशाला बोलू.

परवा जुळ्यांच्या वाढदिवसाचे पेढे आले. या वेळी मात्र पुडा उघडवेना. तोच पुडा आणि वाकस घेऊन दिंडोरीची बस धरली. मामा ओसरीवर चुलीसाठी द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या मोडत बसले होते. त्या हातांनी — काड्या. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, मारतील. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग असे हसले, की आतून सून धावत आली.

"म्हंजी हात बरोबर होते! आगं, माझे हात बरोबर होते!"

तिला, शेजाऱ्याला, रस्त्याने चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याला — सगळ्यांना ते सांगत सुटले. मला शिवी द्यायचंही त्यांना सुचलं नाही. इतका आनंद मी त्यांना चार वर्षं मिळू दिला नव्हता. मी रडत होतो आणि हसतही होतो.

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी पेढा ठेवला. तो त्यांनी सुनेला दिला आणि हात पुन्हा पुढे केला. मी वाकस दिला.

अंगठ्याने त्यांनी धार पाहिली.

"गंजवलास," एवढंच म्हणाले, आणि सुनेला धारेचा दगड आणि तांब्याभर पाणी आणायला सांगितलं.