मागच्या बंडीचा कंदील

त्या अपघाताचा तपास मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावा असे मला वाटतही नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ सगळे पाहिले. पण तरुण अधिकारी भेटायला आले की मी त्यांना दरोडे सांगत नाही, हाच तपास सांगतो. यात चोर नाही, खुनी नाही. फक्त धुके आहे, आणि मी आहे.

साठ सालच्या आसपासचा हिवाळा. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा मी देशावरचा, इकडे येऊन जेमतेम वर्ष झाले होते, पण आपल्याला सगळे समजते असा माझा ठाम समज होता. वय तिशीच्या आतले आणि अंगात खाकी असली की असे होते. कापसाचे दिवस होते. राळेगावकडच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कळंबवरून यवतमाळच्या बाजारात जात. घरातून निघताना चारपाच बंड्या एकत्र निघायच्या आणि एकामागे एक रांगेत चालायच्या. पुढच्या बंडीचा धुरकरी, म्हणजे हाकणारा, तेवढा जागा असायचा. मागचे कापसावर घोंगडी घेऊन खुशाल झोपायचे, कारण बैल पुढच्या बंडीचा माग सोडत नाहीत. सगळ्यात शेवटच्या बंडीला मागे कंदील टांगलेला असे. हा तिकडचा शिरस्ता होता आणि शिरस्ता म्हणून तो चांगलाच होता.

एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास कोतवाल सायकलवरून ठाण्यात आला. केसांवर दव साचले होते, इतके दाट धुके. त्याने पोलीस पाटलाची चिठ्ठी दिली. नाल्याच्या उतारावर ट्रकने मागून बंडी उडवली होती, बंडीवरचा माणूस जागीच गेला होता आणि ट्रक पसार झाला होता.

मी पोहोचलो तेव्हा धुके विरळ व्हायला लागले होते. रस्ताभर कापूस पसरलेला. बंडीचा मागचा भाग चुराडा झालेला, मागची आडवी दांडी मधोमध मोडलेली, एक चाक नाल्यात. मेलेला माणूस पंचविशीचा, घरचा धाकटा. रांगेत चार बंड्या होत्या. पहिली बंडी त्याचा थोरला भाऊ हाकत होता, मधल्या दोन चुलतभावांच्या. तिघांनी एकच सांगितले की मागे कंदील जळत होता आणि ट्रकवाला दिसत असून अंगावर आला. मोडक्या दांडीच्या तुकड्याला सुतळीने बांधलेला कंदील त्यांनी मला दाखवला. मी पंचनामा केला, कंदील मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, ‘एक कंदील, चालू स्थितीत.’

दुपारच्या आत खबरही आली. आठ मैलांवर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्याने निरोप धाडला की एक ट्रक सकाळपासून उभा आहे, पुढच्या जाळीत कापूस अडकलेला आहे आणि ड्रायव्हर बाकावर बसून आहे, चहा पुढे ठेवला तर तोही पीत नाही. आम्ही गेलो, तो बसलेलाच होता. पळून जाणारा माणूस टपरीवर चार तास बसत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. मला सुचले ते एवढेच की आरोपी अर्ध्या दिवसात सापडला, म्हणजे आपण चांगले काम केले.

ड्रायव्हर नेरकडचा होता. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांपैकी एका घरातला, तिशीचा, सडसडीत, बोलायला हळू. ट्रकचा परवाना मिळवणारा तो त्याच्या वस्तीतला पहिला माणूस. तो परवाना त्याने मेणकापडात गुंडाळून छातीशी ठेवला होता. मी मागितल्यावर त्याने तो दोन्ही हातांनी दिला.

त्याचा जबाब मी स्वतः घेतला. त्याने सांगितले की धुके लागल्यापासून तो दुसऱ्या गिअरमध्ये होता. मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवे बारीक ठेवले होते. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज यावा म्हणून. उतारावर त्याने भोंगाही दिला होता.

“मंग बंडी दिसली कशी नाही?” मी त्याच्याच बोलीत विचारले. तेवढी बोली मला आली होती आणि ती वापरायची हौसही होती.

“सायेब, धुक्यात बंडी दिसतच नाही. कंदील दिसते. म्या कंदिलाच्या भरवशावर चालून राह्यलो होतो. दिवा नाही म्हणजे बंडी नाही, असं धरलं म्या. ते चुकलं माहं. पण त्या बंडीले कंदील नव्हता.”

“तिघं सांगून राह्यले, होता.”

“नव्हता, सायेब.”

थांबला का नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला की लोक जमले असते तर त्याला जिवंत सोडले नसते. हे मात्र मी मान्य केले, मनातल्या मनात. बाकी काही नाही. तिघे साक्षीदार एका बाजूला, तीही शेतीवाडीची, वजनदार माणसे, गावाचा पाटील त्यांच्याकडचा. हा एकटा. त्याचे म्हणणे मी लिहून घेतले, पण ऐकून घेतले नाही.

गुन्हा तसा जामिनाचा होता. पण ट्रकमालकाने हात वर केले आणि त्याच्या वस्तीतल्या माणसांचा जामीन कोण धरणार? तो तुरुंगात गेला. शिक्षा झाली असती तर परवानाही कायमचा गेला असता. त्याची बायको एकदा ठाण्यात आली होती. तिने रडारड केली नाही. एवढेच विचारले की गाडी चालवणे बंद झाले तर यांनी करायचे काय, पुन्हा गावात जाऊन पहिलीच कामे करायची का? पहिली कामे कोणती ते मला ठाऊक होते. कायदा कायद्याचे काम करील, असे मी तिला सांगितले. अधिकाऱ्याला उत्तर सुचले नाही की तो हे वाक्य बोलतो.

दोन आठवडे उलटले. दोषारोपपत्र तयार झाले होते, सही तेवढी बाकी होती. त्या दिवशी पुन्हा दाट धुके होते. आठ वाजले तरी ठाण्यात अंधारल्यासारखे होते आणि वीज आमच्याकडे अजून यायची होती. मी आत शिरलो तर आमचे हवालदार कंदील लावून स्टेशन डायरी लिहीत बसलेले. कंदील ओळखीचा वाटला. जवळ जाऊन पाहतो तो त्याच्या कडीला मुद्देमालाची चिठ्ठी लोंबकळत होती.

माझे डोके फिरले. पुरावा म्हणून लाखबंद ठेवायची वस्तू, आणि हे महाशय तिच्या उजेडात टाक चालवत होते. मी त्यांना फैलावर घेतले. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे, निर्ढावलेले. ते शांतपणे म्हणाले, “गरम नका होऊ सायेब. ठाण्याच्या कंदिलाची काच तडकली, काल टेबलावर जरा जोरात ठेवला त, तेवढ्यानंच. ह्याची काच पाहा ना कशी मस्त हाये.”

मी कंदील उचलून काच फिरवून पाहिली. काच खरोखरच मस्त होती. ट्रकने ठोकरलेली बंडी, मोडलेली दांडी, नाल्यात गेलेले चाक, आणि त्याच दांडीला बांधलेल्या कंदिलाला साधी चीरसुद्धा नाही. आणि ही गोष्ट मी माझ्या हाताने लिहून ठेवली होती, चालू स्थितीत. दोन आठवडे ती माझ्या कपाटात होती. हवालदारांची चूक नियमाने मोठी होती. पण त्यांच्या चुकीने माझी चूक उघडी पडली, म्हणून मी त्यांच्याविरुद्ध अहवाल पाठवला नाही. लोकांनी म्हणावे पक्षपात, चालेल.

मी कोणाला ठाण्यावर बोलावले नाही. ठाण्यावर माणूस ठरवलेले बोलतो, अंगणात खरे बोलायची शक्यता जास्त, हा माझा अनुभव. त्याच दुपारी मी गावात गेलो. थोरला भाऊ गोठ्यात बैलांना कडबा टाकत होता. दोन आठवड्यांत तो उतरला होता, दाढी वाढलेली. मी त्याला काही विचारले नाही. कंदील त्याच्या हातात दिला आणि सांगितले की हा कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोड.

त्याने माझ्याकडे पाहिले, कंदिलाकडे पाहिले.

“फुटन, सायेब.”

“मग त्या दिवशी काहून नाही फुटला?”

तो उभ्या जागी खाली बसला. कंदील मात्र त्याने जपून मांडीवर घेतला. मग त्याने सांगितले, आणि ते मी त्याच्याच शब्दांत लिहून घेतले.

“मले पुढचं काईच दिसून नव्हतं राह्यलं. बैल रस्त्याखाली उतरन असं भेव वाटलं. म्हणून म्या मांग गेलो, मांगचा कंदील सोडला अन् माह्या बंडीले पुढं बांधला. धाकट्यानं डोकं वर केलं. मले म्हने, दादा, मांग अंधार होईन. म्या म्हटलं, तू झोप, बैल येतात मांगं मांगं. अन् तो झोपला.”

धडक झाल्यावर चुलतभावांनीच सुचवले की कंदील परत मागे बांधू, नाही तर दोष आपल्यावर येईल. पण याला दोषाची भीती नव्हती. भीती आईची होती. तिच्या एका मुलाने दुसऱ्या मुलाच्या डोक्यावरचा दिवा काढून नेला, हे तिला कळू नये म्हणून तो एका परक्या माणसाला तुरुंगात ठेवायला तयार झाला होता. “माह्यावर गुन्हा लावा,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकाच वेळी. तसे होऊ शकते हे तोवर मला माहीत नव्हते.

पुरवणी जबाब झाले. चुलतभावांनीही अर्ध्या तासात कबुली दिली. खोट्या जबाबांबद्दल त्या तिघांना न्यायालयात उभे राहावे लागले, ते योग्यच झाले. ड्रायव्हर सुटला. न थांबल्याबद्दल त्याला न्यायालयाने कडक समज दिली, तीही योग्यच.

पुढे माझ्या हद्दीत मी एक नियम केला. हिवाळा लागला की बंडीवाल्यांना आणि ड्रायव्हरांना एकत्र बसवून सांगायचे. बंडीवाल्यांना सांगे की बाबांनो, धुक्यातला दिवा तुम्हाला दिसावे म्हणून नसतो, तुम्ही दिसावे म्हणून असतो, तेव्हा तो मागून हलवू नका. दिसेनासे झाले तर बंडी रस्त्याखाली घ्या आणि ऊन येईपर्यंत चिलीम ओढा. ड्रायव्हरांना सांगे की समोर काही दिसत नाही याचा अर्थ समोर काही नाही असा होत नाही. लोक हसत, पण ऐकत. त्या उतारावर माझ्या काळात पुन्हा माणूस गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

वरिष्ठांनी या तपासाबद्दल माझी पाठ थोपटली. बारकाईने निरीक्षण केल्याबद्दल शेरा मिळाला. मी तो मुकाट्याने घेतला, कारण तेव्हा बढतीचा विचार डोक्यात होता.

परवाना घ्यायला ड्रायव्हर ठाण्यात आला. सतरा दिवस आत काढून तो आणखी वाळला होता. मी परवाना पुढे केला आणि ऐटीत म्हणालो की अखेर सत्य बाहेर काढलेच आम्ही. त्याने परवाना उघडून आपले नाव वाचले, मेणकापडात गुंडाळला आणि माझ्याकडे सरळ पाहिले.

“सायेब, म्या हेच पैल्या दिवशी सांगतलं होतं. तुमी लिहूनबी घेतलं होतं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानंतर कुठल्याही गुन्ह्याची फाइल आली की मी ज्याच्या बाजूने कोणी नाही त्याचा जबाब आधी वाचत गेलो, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत तो क्रम मी बदलला नाही.