आंतर्देशीय पत्रातला तह

आम्ही पोस्टाने युद्ध खेळायचो. आज हे कोणाला सांगितलं की लोक आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पण सत्तरच्या दशकात नागपूर आणि आसपासच्या आम्हा सहा जणांना या खेळानं पार नादी लावलं होतं. खेळ काढला होता सावनेरच्या एका भूगोलाच्या मास्तरांनी. त्यांनी एक काल्पनिक देश रेखाटला, त्याची सहा राज्यं पाडली आणि नकाशाच्या प्रती सगळ्यांना धाडल्या. दर पंधरवड्याला आपली चाल मास्तरांना कळवायची. ते सगळी पाकिटं एकाच दिवशी फोडणार आणि कोण कुठे पोचलं, कोण मेलं, ते सगळ्यांना कळवणार. मधल्या दिवसांत एकमेकांना पत्रं लिहून तह करायचे. मोडायलाही परवानगी होती.

माझा तह खाप्याला राहणाऱ्या धाकट्या साळ्याशी होता. आम्ही दोघांनी मिळून दोन राज्यं गिळली. आता देशात मोठे असे आम्ही दोघंच उरलो आणि मला सम्राट व्हायचं होतं. ऑफिसात माझ्या हुकमानं पंखासुद्धा फिरत नसे, त्यामुळे ही इच्छा जरा जास्तच होती.

बेत साधा होता. साळ्याला लिहायचं, तू सगळं सैन्य नदीपलीकडच्या शत्रूवर घाल, तुझी पाठ मी सांभाळतो. आणि त्याच चालीत त्याची रिकामी राजधानी घ्यायची. बेत इतका सुंदर की कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. घरात बायकोच होती. मेथी निवडता निवडता तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे त्याले फसवून राहिले तुम्ही?"

"खेळ आहे वं तो."

"असं का," म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

तिच्या माहेरी, म्हणजे खाप्याला, जाणारं आंतर्देशीय पत्र आम्हा दोघांचं मिळून जाई. वरचा भाग माझा, खालची जागा तिची. ती काय लिहिते ते वाचायचं नाही, हा माझा नियम. या मोठ्या मनाबद्दल मी मित्रांत फुशारकीही मारलेली. या वेळी वर मी साळ्याला बेताप्रमाणे लिहिलं, खाली तिनं चार ओळी लिहिल्या, मी न बघता कडा चिकटवल्या आणि पत्र स्वतः बर्डीच्या पोस्टात जाऊन टाकून आलो.

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज ऑफिसातून आलो की ती विचारायची, "आला का जी निकाल मास्तरचा?" मला वाटलं, अकरा वर्षांनी का होईना, बायकोला आपल्या कर्तबगारीत गोडी वाटू लागली.

निकाल आला. साळ्याचं सैन्य नदीकडे गेलंच नव्हतं. निम्मं आपल्या राजधानीत दबा धरून बसलं होतं, निम्मं वळसा घालून माझ्या राजधानीत शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड आलं: 'भाऊजी, राग मानू नका. ताईनं कळवलं नसतं तर मी गेलोच होतो. डोंगराकडचा एक प्रांत तुमच्यासाठी सोडला आहे. ताईचाच आग्रह.'

कार्ड घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो.

"माझी राजधानी तू देऊन टाकली?"

"राजधानी कागदावरची. भाऊ तर माझा खराच आहे ना."

"अन् मी?"

तिनं पोळी उलटली. "तुम्ही बी खरेच आहा. म्हणून तर एक प्रांत मागून घेतला तुमच्यासाठी."

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. साळ्यानं मारलं याचं काही नाही; मीही त्याला मारणारच होतो. पण ते रोजचं "आला का निकाल" डोक्यातून जाईना. माझ्यासमोर चहाचा कप ठेवून ती माझ्याच पराभवाची बातमी विचारत होती.

त्या डोंगरी प्रांतावर मी पुढे चार महिने राज्य केलं. चाल लिहायला बसलो की शाळेतल्या पोरासारखा डाव्या हातानं कागद झाकून घ्यायचो. ती समोर बसून मुलीच्या फ्रॉकला बटणं लावत असायची. मान वर करून बघायचीसुद्धा नाही.