काकवीच्या बाटलीतलं तेल

आमचे हे खोटं बोलतात तेव्हा आवाज गोड होतो. एवढा संसार केल्यावर तेवढं तर कळतंच. म्हणून, "अगं, नुसती स्टार्ट करून ठिवतो, बॅटरी उतरू नये म्हणून," असं ते मधात घोळवून म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाडी म्हणजे यांची दोन सीटची, वरून उघडी, विलायती स्पोर्ट्स कार. पुण्यात एका वकिलांच्या अंगणात पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर यांनी ती टेम्पोत घालून बारामतीला आणली आणि घरामागच्या शेडमध्ये पुन्हा चालती केली. मी शाळेत विज्ञान शिकवून दमलेली. वाटलं होतं, आता दोघं निवांत बसू. कसचं काय! जेवायला बसलं की पिस्टन, झोपायला गेलं की पिस्टन.

त्यातही लाडका विषय ब्रीदरचा. पिस्टनच्या कडेनं थोडा धूर इंजिनाच्या पोटात उतरतोच आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती कोंडली तर तो तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. जुन्या गाड्यांना त्यासाठी एक नळी असते, तिचं तोंड सरळ खाली रस्त्याकडे. गाडी उभी राहील तिथं तेलाचे डाग. आमच्या फरशीवर ते पडले तेव्हा मी जे काही बोलले, त्यावर यांनी तोडगा काढला. नळीला रबरी पाइप जोडून त्याचं टोक काकवीच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत सोडलं. झाकणाला आणखी एक भोक, वाफ जायला. बाटली बॉनेटखाली पट्टीनं आवळून टाकली. "इंजिन काय वकतंय ते समदं हितं दिसतं बघ," असं म्हणून त्यांनी मला शिकवलंसुद्धा. गाडी उभ्याउभ्या थोडा वेळ चालवली, तर बाटलीत पांढरट, ताकासारखं काहीतरी जमतं, कारण तेलात वाफेचं पाणी मिसळतं. लांब पळवली, इंजिन नीट तापलं, की पाणी उडून जातं आणि नुसतं काळं तेल उरतं.

असलं ज्ञान आपल्याच बायकोच्या हाती देऊन ठेवू नये.

मागच्या वर्षी साखरेच्या आजारानं यांच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि गाडी चालवायला सक्त मनाई केली. डावा डोळा ठणठणीत आहे, असं हे सांगायचे. तपासणीच्या वेळी मला मात्र आत येऊ देत नसत. बाहेर येऊन म्हणत, "एकदम बेस हाय." मला ते पटायचं नाही. हा माणूस एका डोळ्यानं हायवेला जाणार आणि उसाच्या ट्रॉलीखाली शिरणार, नाहीतर शाळेतून येणाऱ्या एखाद्या पोरीला उडवणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी किल्ली काढून घेतली, तर यांनी दोन वायरी जोडून गाडी सुरू केली. किलोमीटरचा काटा तर कधीच मेलेला. म्हणजे साक्षीला उरली ती बाटलीच.

हे आंघोळीला गेले की मी बॉनेट उघडून बघायची. बरेच दिवस ताकच होतं. मग एका बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन बहिणीकडे रेंगाळले आणि उशिरा घरी आले. यांच्या शर्टाला तळलेल्या माशांचा वास. बॉनेट कोमट. चाकांवर धूळ. पळसदेवकडे हायवेला मासे तळून मिळतात, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. क्षणभर असंही वाटलं, कुणी बाई तर नाही ना? या वयात? पण पुरुषाच्या जातीचा काय भरवसा. दुसऱ्या दिवशी बाटली बघितली. वर काळं तेल, खाली स्वच्छ पाणी.

मी बघतच राहिले. इंजिनातून असं पाणी कधी आलं नव्हतं. म्हणजे यांनी बाटलीत वरून पाणी घातलं होतं आणि हलवून ताक करायला बघितलं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर! पण नुसतं हलवून तेल आणि पाणी एकजीव होत नाही, हे माझ्या सातवीच्या पोरांनाही समजायचं. वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसानं इतकी गबाळी लबाडी करावी? दुसऱ्यांदा बघायचंही सुचू नये? मला इतकी भोळी समजतात, याचाच जास्त राग आला.

पुढच्या बाजारानंतरही तेच. मग मी बाटली सोडवली आणि शेडच्या दारात बसलेल्या यांच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

यांनी बाटली हातात घेतली, वर धरली, तिरपी केली. "ताक हाय की. पांढरं."

"नीट बघा."

"बघितलं की. तुला काय दिसतंय?"

एवढं धडधडीत खोटं! मी तडक स्वयंपाकघरात गेले. फोडणी घालायला ठेवलेलं ताक तसल्याच दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि आणून यांच्या हातात दिलं. "आणि हे?"

यांनी बाटली नाकाशी नेली. आधी वास घेतला, मग म्हणाले, "हे खरं ताक."

नाकाशी का नेली? यांची नजर बाटलीवर नव्हतीच, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी होती. मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

"डावापण गेला?" मी विचारलं.

"जातोय. दिवाळीपासनं."

"आणि गाडी? अशा डोळ्यांनी तुम्ही..."

"तेवढा खुळा न्हाय मी," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं. जवळच्या कन्हेरी गावचा एक बागायतदार गाडी घेणार होता. मी बाजारात गेले की तो यायचा. तो चालवायचा आणि हे शेजारी बसून इंजिन ऐकायचे. कुठं धूर जास्त मारतंय, कुठं ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, ते त्याला शिकवायचे. त्याला गाडीचा कान आल्याशिवाय ती द्यायची नाही, असं ठरवलं होतं. मासे तोच चारायचा.

मी रडले. रागानं रडले, असं मला तेव्हा वाटलं. "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी दोन्ही बाटल्या पायाशी ठेवल्या. "तू बॉनेट उघडायचीस ते मला न्हाणीत ऐकू यायचं. बरं वाटायचं. हा म्हातारा अजून कुठंतरी पळून जाईल, कायतरी उद्योग करील, आसं कुणाला तरी वाटतंय. एकदा कळलं की तू माझा हात धरून मला न्हाणीत न्हेशील. मग संशय घ्यायला काय उरतंय माझ्यात?"

मी दोन्ही बाटल्या उचलून आत नेल्या.

गाडी कन्हेरीला गेली त्या संध्याकाळी हे एकटेच उठले आणि भिंतीला हात लावत फाटकाकडे निघाले. वाटेत नळाचा पाइप पडलेला. उठून हात धरावा, असं फार वाटलं. मी पदर मुठीत आवळून बसून राहिले आणि होईल तेवढ्या करड्या आवाजात विचारलं, "कुठं निघालात? कोण वाट बघतंय?"

हे थबकले. पाठ ताठ केली.

"तुला कशाला सांगू?" म्हणाले, आणि कडी चाचपायला लागले.