सरकवलेली पेटी

मधवाल्याला माणसांपेक्षा माश्यांचं लवकर कळतं, असं त्याची बायको म्हणायची. ते कौतुक नव्हतं. एरवी मूग गिळून बसणारा हा माणूस पेटीचं झाकण उघडलं की बोलता व्हायचा. "काय मंडळी, आज उशीर?" असं माश्यांना विचारायचा. घरातल्या मंडळींना असं त्याने कधी विचारलं नव्हतं.

पेटी यंदा अंगणाच्या भिंतीशी आणली होती, कारण पलीकडे त्याच्या बहिणीचा, अक्काचा काकडीचा मळा. गेल्या हंगामात मळ्यात माश्याच नव्हत्या. फुलं आली, चार दिवस हसली, गळून गेली. "पाणी मी देते, खत मी घालते. पण फुलाफुलाला पराग पोचवायला इतके हात कुठून आणू?" अक्का म्हणाली होती. यंदाही काकडी धरली नाही तर ती मळा सोडणार होती.

पण त्याच भिंतीशी बायकोची कपड्यांची दोरी. वाळलेल्या अभ्र्यात माशी निघाली आणि नेमकी तिच्या कानाला चावली.

"पेटी हलवा, नाहीतर मी हलते!"

माशीला पेटी नाही, पेटीची जागा पाठ असते, हे मधवाला नवशिक्यांना घसा फोडून सांगायचा. पण बायकोच्या धाकापुढे शास्त्र कुठलं टिकायला? भरदुपारी त्याने पेटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली.

ऊन कललं. फुलांवर गेलेल्या माश्या परतल्या, त्या थेट जुन्या जागी. तिथे आता कपड्यांचं टोपलं होतं. टोपल्यावर, दोरीवर, वाळत घातलेल्या त्याच्या लेंग्यावर माश्यांचे घोस लोंबू लागले.

"रात्री गारठून मरतील," तो पुटपुटला. "उद्या फुलांवर जायला कोण उरणार?"

भिंतीवरून अक्काचं डोकं वर आलं. "काय रे, माझे मजूर बेघर केलेस?"

"मजूर कसले वन्सं, पाहुणे! माझ्या परकरावर पंगत बसलीय," बायको मध्येच म्हणाली.

सुजलेला कान धरून बायको बघत राहिली. एक माशी टोपल्याच्या फटीफटीत डोकं घालत होती.

"ही काय शोधतेय?"

"दार."

बायकोचा कानावरचा हात खाली आला. "नवी नवरी होते तेव्हा मी न्हाणीघर समजून कोठीत शिरायचे. आणि तेव्हा तर कुणी घर सरकवलंही नव्हतं. आणा ती पेटी!"

पेटी जागेवर आली. टोपलं तिनेच अलगद बाजूला घेतलं. माश्या दाराशी गोळा झाल्या आणि वरातीसारख्या आत गेल्या.

दोरी मात्र दुसऱ्या दिवशी अक्काच्या मळ्यातल्या खांबांना बांधली गेली, अक्काला न विचारता. काकड्या बोटाएवढ्या झाल्या तेव्हा अक्का ओरडली, "अगं, माझ्या मळ्यात माझ्याच भावाचे लेंगे फडकतायत!"

"राहू द्या वन्सं. बुजगावण्याचा खर्च वाचला."