खुजी रुजवण

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं माझं दुकान जामसंड्यात होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की माझे हात शिवशिवत. दोन हजार आठच्या पावसात त्यांना झाडांचा नाद लागला. कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलं, की झाडं उजेडातला लाल आणि निळा रंगच जास्त खातात. झालं! कोल्हापूरहून एलईडी मागवले आणि दुकानामागच्या काळोख्या खोलीत मिरचीची रोपं मांडली.

पहिला बोर्ड हातभर उंच टांगला. रोपं उजेडासाठी माना ताणून ताणून लांबुडकी झाली आणि आडवी पडली. मग अक्कल आली. बोर्ड वीतभर अंतरावर आणला. रिक्षाच्या जुन्या बॅटरीवर पाच-पाच लाल एका माळेत, निळे मात्र तीन-तीनच, कारण त्यांना व्होल्ट जास्त लागतात. प्रत्येक माळेला आपला रेझिस्टन्स. चार लालांमागे एक निळा ठेवला आणि पंधरा दिवसांत रोपं अशी दणकट झाली की काय सांगू. देठ जाड, पानं काळपट हिरवी. मी ज्याला त्याला खोलीत ओढून नेऊन दाखवत असे. लोक जांभळ्या उजेडात माझ्याच तोंडाकडे बघत.

त्या वर्षी बायकोला सहावा महिना चालू होता. आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी नवरात्रात देवीसमोरची रुजवण कुजली होती आणि दिवाळीआधी ते घडलं. तेव्हापासून तिच्या मनानं ही गाठ मारून घेतली. घटाभोवती मातीत पेरलेलं नऊ धान्य नऊ दिवसांत किती उंच वाढतं, यावरून घराचं वर्ष बघायचं, अशी आमच्याकडची रीत. मी तिच्यावर चिडायचो. "तुझं पोट आणि ती माती, संबंध काय?" ती मान खाली घालून हातातलं काम करत राहायची, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

म्हणून मीच ठरवलं, की यंदा रुजवण अशी आणायची की गावानं बघत राहावं. आमचं देवघर म्हणजे भर दुपारी समई लागेल असं काळोखं. घट बसला त्याच दिवशी मी माझा बोर्ड बरोबर वीतभर अंतरावर टांगला आणि आईला सांगितलं, देवीला रोषणाई केली. आई खूश! शेजारणी येऊन हात जोडून गेल्या. मनात म्हटलं, गंमत बघा आता.

पाचव्या दिवशी शेजारच्या घरात रुजवण वीतभर झाली होती. पिवळीधमक, नाजूक, दरवर्षी असते तशी. आमची चार बोटं. हिरवीगार, जाड, ताठ आणि खुजी.

माझ्या डोक्यात वीज पडावी तसं झालं. अरे गाढवा! रुजवण उंच वाढते ती काळोखात असते म्हणूनच. पिवळी होते तीही त्यामुळेच. माझी मिरची आडवी पडली होती त्याच कारणानं इथे ती उंच व्हायला हवी होती. दुकानात मी ज्याला रोग म्हणत होतो, तोच घरात शकुन होता. आणि हे मला, सगळं जन्मभर बघत आलेल्या मला, सुचू नये?

बोर्ड काढला, पण उशीर झाला होता. दसऱ्याला रुजवण कापताना आई पुटपुटली, "अशी खुजी रुजवण माझ्या जल्मात बघूक नाय मी." बायकोनं ऐकलं. आईनं त्याच रुजवणीचा तुरा डोक्यात माळायला तिला दिला, तो तिनं घेतला, पण माळला नाही, पदरात धरून उभी राहिली.

तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण देवीच्या घटाशी खेळ केला म्हणून आई काय म्हणेल, दुकानात फुशारक्या मारणाऱ्या माझं हसं होईल, असलं सगळं मनात आलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो. आपण देवीला फसवायला गेलो आणि तिनं उत्तर दिलं, असं वाटत होतं. मी गप्प बसलो. बायको घास चिवडू लागली. पायरी उतरतानाही पोट दोन्ही हातांनी धरायची.

मुलगी झाली ती थंडीत, सुखरूप. तिसऱ्या दिवशी तिचं अंग पिवळं पडलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, बाळांना होते, घाबरू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला काचेच्या पेटीत, कावीळ उतरवणाऱ्या निळ्या ट्यूबांखाली ठेवलं. ट्यूबा बरोबर वीतभर वर होत्या की नाही, ते मी सवयीनं बघितलं. बायको काचेला कपाळ टेकून बसली होती. म्हणाली, "रुजवणीन सांगितलेला खोटा नाय."

तेव्हा माझा बांध फुटला. बोर्ड, लाल-निळा उजेड, आडवी पडलेली मिरची, सगळं सांगितलं. रुजवण चांगली निरोगी होती गो, माझ्या दिव्यानं तिला बुटकी केली.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मुलीवरची नजर काढली नाही.

"तेवा सांगूक काय झाला होता तुमका? रोज पोटार हात ठेवन जागी रवलंय मी. पोर ढवळता की नाय, मोजीत. आणि तुमी बाजूक घोरत होतास."

मुलगी आठवडाभरात बरी झाली. पण त्या रात्री मी घोरत नव्हतो. मीही जागाच असायचो, बायकोचा श्वास ऐकत, आणि हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.