कडा कोसळल्यानंतरची गुहा

ओनोरिना लग्न होऊन आली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला गुहेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. आतून येणाऱ्या गार झुळकेनं तिच्या अंगावर शहारा आला.

"हा वारा आहे तोवर आपलं चीज आहे," वेनेरांदा म्हणाली. "आपण नुसते हमाल."

त्याला चोवीस वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या त्या चुनखडीच्या डोंगरांत ओनोरिना दर जूनला गाई, मेंढ्या, शेळ्या घेऊन वरच्या कुरणावर चढायची, ती ऑक्टोबरातच उतरायची. नवरा लाउरेआनो खाली गावात गवत कापायला राहायचा आणि रविवारी मक्याची भाकर, मीठ पोचवून जायचा. तिन्ही दुधं एकत्र करून ती चिजाच्या ढेपा लावायची, खोपटात धुरावर सुकवायची, मग पाठीवर बांधून गुहेत नेऊन ठेवायची. तिथल्या ओल्या गारव्यात त्यांच्या पोटात निळी बुरशी धरायची.

त्या वर्षी हिवाळ्यात गुहेमागचा कडा कोसळला. गुहेचं तोंड शाबूत होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण जुलैत ओनोरिना कार्बाइडचा दिवा घेऊन आत गेली, तर ज्योत सरळ उभी. एरवी दिवा हातानं झाकावा लागे. तीन आठवड्यांनी ढेपांना तडे गेले. वेनेरांदा तेव्हा ऐंशीची. खोपटाच्या उंबऱ्यावर बसून तिनं एक तुकडा चघळला आणि थुंकला.

"साबण झालाय."

"आता काय करायचं, आई?"

"डोंगर काही मेला नाही. एक नाकपुडी बंद झाली, तर दुसरीतून घेत असेल श्वास. जा, शोध."

सकाळचं दूध काढून झालं की ओनोरिना निघू लागली. उतारावरचे खडक चाचपायचे, फटीला हात लावायचा, पुढे सरकायचं. या वाटा ती डोळे मिटून चालली असती, पण आजवर ती त्यांच्याकडे जनावरांसाठी आणि पाण्यासाठीच बघत आली होती. आता पायाखालचा डोंगर आतून पोकळ आहे, त्यात कुठंतरी वारा फिरतोय, या विचारानं ती पाऊलही हळू टाकू लागली.

शेजारच्या कुरणावरचा सेवेरो काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"गाय हरवली का गं?"

"वारा हरवलाय."

"मग टोपी सांभाळ. सापडला की आधी तीच नेईल," तो हसला. तिनं पुढच्या फटीत हात घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं तापलं की गिधाडंसुद्धा कड्याला चिकटून बसली. शेळ्या दिसेनात. ओनोरिना त्यांना शोधत उत्तरेच्या उतारावर वळली, तर अकराच्या अकरा एका खडकाखाली ओळीनं बसलेल्या, सगळ्यांची तोंडं दगडाकडे. आसपास गवताचं पातं हलत नव्हतं. फक्त खडकाच्या बुडाशी नेच्याची पानं सारखी डुलत होती. तिनं एका शेळीला बाजूला सारून हात घातला. बोटं गारठली. ती तिथंच शेळ्यांमध्ये बसली आणि बराच वेळ उठली नाही.

सेवेरोला बोलावलं तेव्हा तो हसला नाही. पहार घेऊन आला. दोन दिवस दोघांनी दगड उपसले. तिसऱ्या दिवशी माणूस सरपटत जाईल एवढी वाट झाली.

आत वीस पावलं उतार, आणि मग भिंतीच संपल्या. दिव्याचा उजेड वर गेला, पण छत लागलं नाही. खाली खोल कुठंतरी पाणी वाहत होतं. ओनोरिनाला आपला श्वाससुद्धा मोठा वाटू लागला. तिनं डावीकडे दिवा फिरवला. तिथं सपाट दगड रचले होते, खाली टेकू देऊन, एकावर एक तीन थर, कमरेच्या उंचीचे.

"हे पाण्यानं नाही केलं," सेवेरो कुजबुजला.

"नाही. हे चिजासाठी केलंय."

"कुणी?"

तिनं दगडावरून हात फिरवला. मधोमध गुळगुळीत खळगे पडले होते, ढेप ठेवून, उलटवून, पुन्हा ठेवून पडतात तसे. दगडाला असे खळगे पडायला किती उन्हाळे लागले असतील, याचा हिशेब तिला लागेना. सेवेरोनं डोक्यावरची टोपी काढली.

वेनेरांदाला खोपटातून खेचरावर बसवून त्या खडकापाशी आणलं. वाट आणखी उपसून मोठी केली आणि दोघांनी धरून तिला आत उतरवलं. तिनं त्या दगडांवर दोन्ही तळवे टेकवले.

"तुमच्या सासूनं कधी सांगितलं होतं का, आई?"

"नाही. तिच्याही सासूनं नसेल सांगितलं." एका खळग्यात मूठ टेकवून ती म्हणाली, "मला वाटायचं, आम्हीच पहिल्या."

मग तिनं सुनेला खडसावलं, की इथं ओल जास्त आहे, तेव्हा ढेपा रोज उलटव, आळस नको.

ऑक्टोबरात पहिली ढेप कापली. निळ्या शिरा पार मधोमध पोचल्या होत्या. लाउरेआनोनं तुकडा तोंडात टाकला, डोळे पुसले आणि सफरचंदाच्या दारूचा पेला शोधू लागला. सेवेरो दाराशी उभा होता.

"ओनोरिना, खालचा थर मोकळाच आहे ना?"

"तुझ्यासाठीच ठेवलाय. पण ढेपा तूच वाहायच्या."

पुढे सत्तावीस उन्हाळे ती त्या गुहेत गेली. दगड ओळखीचे झाले, अंधार ओळखीचा झाला. पण त्या वीस पावलांचा उतार संपला की ती दर वेळी थांबायची, आणि सोबत कुणी असलंच तर त्यालाही बोलू द्यायची नाही.