आईची मिस्सा आणि पप्पांची चारची गोळी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली. रिपोर्टमध्ये काही विचित्र दिसलं की आधी मशीनवर संशय घ्यायचा, मग सॅम्पलवर, मग स्वतःवर. आत्मा-बित्मा त्या यादीत कधीच नव्हता. इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचते, तेही तशाच नजरेने... वारा असेल, उंदीर असेल, बीपी वाढलं असेल, असं मनात म्हणत. त्यामुळे हे लिहायला मला दोन वर्षं लागली. जसं घडलं तसं सांगते. पटवून द्यायचं काही नाही.

आमचं घर रेवदंड्याला. जुन्या तटाच्या आत, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे सोपा, मागे चार नारळ, आणि वारा पडला की सुरूच्या बनापलीकडून येणारा लाटांचा आवाज. पप्पा तिथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. मूळचे नगरचे, पक्के प्रोटेस्टंट, तीन पिढ्यांचे. आई पूल ओलांडून पलीकडच्या कोर्लईची. तिचं सगळं गाव कॅथलिक आणि घरात जुन्या पोर्तुगीजातून आलेली स्वतःची बोली. त्या काळात हे लग्न म्हणजे दोन्हीकडे रडारड होती म्हणे. पप्पांच्या आईला वाटलं मुलगा मूर्तीपुढे मेणबत्त्या लावायला लागणार, आणि कोर्लईत वाटलं लूसी हातची गेली.

तसं काही झालं नाही. दोघं आपापल्या जागी राहिले आणि बावन्न वर्षं भांडले. भांडणाचा विषय एकच — मेल्यावर माणूस जातो कुठे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅथलिक मानतात की चांगला माणूस मेला तरी लगेच स्वर्गात जातोच असं नाही. मध्ये एक जागा असते — पर्गेटरी, मराठीत शुद्धिस्थान. तिथे आत्मा स्वच्छ होतो, आणि मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली, त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची उपासना, अर्पण केली, की तो लवकर सुटतो. प्रोटेस्टंट म्हणतात, शास्त्रात अशी जागाच नाही. माणूस गेला की गेला, त्याच्यासाठी प्रार्थना करून उपयोग नाही.

पप्पा म्हणायचे, "लूसी, ही गाडी विनाथांबा आहे. मधे स्टँड नाही."

आई मासे साफ करता करता म्हणायची, "सर, तुम्ही बाजारातून आलात की पाय धुता ना? मग देवाच्या घरात काय चिखलाच्या पायाने शिरणार?"

ती त्यांना 'सर'च म्हणायची. सगळं गाव म्हणायचं म्हणून.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही तिघं कोर्लईच्या कबरस्तानात जायचो. आई तिच्या आईबाबांच्या कबरीवर झेंडू ठेवायची आणि मेणबत्त्या लावायची. समुद्राचा वारा त्या टिकू द्यायचा नाही. मग पप्पा उकिडवे बसून दोन्ही हातांचा आडोसा करायचे. मी लहानपणी एकदा विचारलं, "पप्पा, तुम्हीपण प्रार्थना करताय?" तर म्हणाले, "मी फक्त वारा अडवतोय." आई डोळे मिटून हसली होती. किती वर्षं झाली, ते हसू अजून दिसतं.

आईची अजून एक गंमत होती. तिने आयुष्यात गजराचं घड्याळ लावलं नाही. रात्री झोपताना शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी एक प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि त्यांना वेळ सांगायची. "पाचला उठवा." पाचला उठायची! माझ्या दहावीच्या परीक्षेत मला रोज तिनेच उठवलं. पप्पांनी एकदा मुद्दाम चार वाजून सतरा मिनिटं अशी वेळ दिली. तिने चार सतराला त्यांना हलवून उठवलं आणि घड्याळ दाखवलं. पप्पा म्हणाले, "योगायोग." मग चहा मागितला.

पुढे पप्पांना पार्किन्सन्स झाला. त्या आजारात गोळ्यांची वेळ फार सांभाळावी लागते. दुपारची गोळी चारची. ती थोडी जरी लांबली तरी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, पलंगावरून उतरता यायचं नाही. पप्पांना दुपारी गाढ झोप लागायची आणि कानाने कमी ऐकू येत होतं. आई बरोबर पावणेचारला जाऊन त्यांच्या पायाचा अंगठा चादरीवरून दोनदा दाबायची. आवाज नाही, काही नाही. दोनदा दाबला की पप्पा डोळे उघडायचे.

आणि मग आई गेली. ऑगस्टमध्ये, सकाळी भाजी चिरता चिरता... हार्ट.

माहेरच्यांनी तिच्यासाठी सातव्या दिवसाची मिस्सा केली, महिन्याची केली. पप्पा दोन्ही वेळा चर्चच्या बाहेर बाकावर बसून होते. खरं तर आईने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्यासमोर. "गावाने शंभर मिस्सा सांगितल्या तरी तुमची एक पाहिजे हां, सर. तुम्ही स्वतः जाऊन फादरना सांगायची." तेव्हा पप्पा म्हणाले होते, "मी नाही सांगणार. तू थेट जाणारेस, मला खात्री आहे." किती प्रेमाने म्हणाले होते! आईला मात्र ते लागलं. ती उठून आत गेली होती.

ऑक्टोबरमध्ये मी पनवेलहून रजा टाकून त्यांच्याजवळ राहायला गेले. तोपर्यंत स्वयंपाकाच्या कमलताईच त्यांच्याकडे बघत होत्या. पहिल्याच दिवशी मी मोबाईलवर पावणेचारचा गजर लावला. वाजल्यावर खोलीत गेले, तर पप्पा उठून बसलेले. हातात पाण्याचा ग्लास.

"गजर ऐकू आला?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. कमलताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ताई, आवं मी एकदापन उठवला न्हाय त्यांना. बाय गेल्यापासून सर आपले आपण उठतान. मला वाटला, सवय हाय."

मलाही तेच वाटलं. बॉडी क्लॉक. पाच वर्षं रोज त्याच वेळी उठणारा माणूस उठणारच की. विषय संपला.

मग तो मंगळवार आला.

पप्पा जेवून दीडला झोपले. दोनच्या सुमारास डॉक्टरांच्या क्लिनिकमधून व्हॉट्सअॅप आलं. दोन डोसमधलं अंतर कमी करायचं, आजपासून दुपारची गोळी तीन वीसला. पप्पांना हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, ते झोपलेले होते. कमलताई घरी गेलेल्या. मी स्वयंपाकघरात उभी होते, समोर आईचा फोटो. आणि का कोण जाणे — थट्टा म्हणा, आठवण म्हणा — मी एक प्रभूची प्रार्थना म्हटली आणि हळूच म्हणाले, "आई, आजपासून तीन वीस हां."

मग माझं मलाच हसू आलं. त्यांना मीच उठवायचं ठरवून पुस्तक घेतलं आणि त्यांच्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसले. लाईट गेली होती, पंखा बंद. खिडकी एकच, तीही उन्हासाठी लावून घेतलेली. पप्पांच्या पायावर जाड सोलापुरी चादर होती. उकाड्यातही त्यांना पायांना ती लागायचीच.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी घड्याळ बघितलं, कारण अजून दहा मिनिटं वाचता येईल असा विचार केला होता. मान वर केली... आणि चादर दबली.

त्यांच्या उजव्या अंगठ्यावरची चादर खाली गेली, वर आली. परत खाली गेली. जसं कुणी अंगठा आणि बोटांमध्ये धरून दाबतं, तशा दोन्ही बाजूंनी चुण्या पडल्या. मग चुण्या सुटल्या. बस, एवढंच. थंडावा नाही, वास नाही, सावली नाही.

पप्पांनी डोळे उघडले. पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आज लवकर?" ते म्हणाले. पण मला नाही. पायाकडे बघून.

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलेलं मला नंतर कळलं. मी गोळी दिली, पाणी दिलं. मग मी विचारलं, "पप्पा, हे रोज होतं?"

"तिला माती देऊन आल्यापासून."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला सांगू? आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना?" ते थोडं हसले. "माझ्या समजुतीप्रमाणे लूसी प्रभूजवळ आहे. तिथून कोणी गोळीची आठवण करायला येत नाही. तिच्या समजुतीप्रमाणे, जे उठवतात ते अजून शुद्धिस्थानात असतात. कुणीतरी सोडवण्याची वाट बघत."

"मग मिस्सा सांगा ना पप्पा. आईने मागितली होती. तुमचा विश्वास नसला तरी..."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. बाहेर नारळाची झावळी पडल्याचा आवाज झाला. मग म्हणाले,

"सांगितली आणि ती गेली तर?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बावन्न वर्षं मी सांगत आलो की अशी जागा नाही. आणि आता, आशा, मीच तिला तिथे धरून ठेवलंय. रोज दुपारी कधी एकदा आडवा होतो असं होतं मला. दोन सेकंद... पण तिचा हात लागतो." त्यांनी चादरीच्या टोकाने डोळे पुसले. "ती तिकडे त्रासात असेल आणि मी इकडे झोपायची वाट बघतो. हा कसला नवरा?"

पप्पांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. त्या तीनही दुपारी मी खोलीत गेले नाही. ते दोघांचं होतं असं वाटलं. रोज तीन दहाला डोकावले की पप्पा जागे असायचे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. "रिक्षा बोलाव. कोर्लईला जायचंय."

चर्चमध्ये नवीन फादर होते, तरुण, बांद्र्याकडचे. पप्पा वर्गात बोलायचे तसे सरळ बोलले. "फादर, मी प्रोटेस्टंट आहे. शुद्धिस्थान वगैरे मी मानत नाही. माझी पत्नी मानायची. तिच्यासाठी मिस्सा सांगायची आहे, माझ्या नावाने. चालेल का?"

फादरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या थरथरत्या हातांकडे बघितलं. म्हणाले, "सर, बसा आधी." मग म्हणाले, "उद्या सकाळी सातची ठेवू?"

दुसऱ्या दिवशी पप्पा पहिल्यांदा आत बसले. शेवटच्या बाकावर, माझ्याशेजारी. फादरांनी आईचं नाव घेतलं तेव्हा ते उठून उभे राहिले. कुणीच उभं नव्हतं. मी हात धरून बसवायला गेले तर त्यांनी मान हलवली. पुढची प्रार्थना होईपर्यंत ते एकटे उभे होते, समोरचा बाक घट्ट धरून. ओठ हलत होते. काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी त्यांनी मला खोलीत बसायला सांगितलं. दीडला आडवे झाले. पायावर चादर मीच घातली.

तीन पाच झाले. मी चादरीवरून नजर हलवली नाही. तीन दहा. तीन पंधरा. त्या चादरीची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. तीन वीसला मी उठले तर पप्पा डोळे मिटूनच बोलले. जागेच होते, कधीपासून कोण जाणे.

"वाजले ना?"

"हो पप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गोळी अर्ध्या तासाने घेतली. त्या संध्याकाळी त्यांना दोन पावलं टाकायला फार त्रास झाला, पण एका शब्दाने तक्रार केली नाही.

त्यानंतर एकदाही तसं घडलं नाही. मी गुपचूप आईला वेळ सांगूनही बघितली, खोटं कशाला बोलू. काही नाही. आता पप्पा माझ्याकडे पनवेलला असतात आणि मीच त्यांना उठवते.

मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. झोपेत पायाचे स्नायू आखडतात, या आजारात तर जास्तच. मान्य. पण बोटं वर येतील, चादर बाहेरून आत कशी दबेल? आणि तीन वीसची वेळ त्यांना कळली कशी? आणि मिस्सेच्याच दिवशी थांबलं कसं? मनाचा खेळ म्हणावं तर मन त्यांचं होतं, बघत मी होते.

पप्पा त्यांच्या मतावर अजून ठाम आहेत. परवाच इथल्या पाळकसाहेबांशी त्यांची तासभर चर्चा चालली होती — मधे जागा नाही, शास्त्रात आधार नाही. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "पप्पा, मग त्या दुपारी कोण यायचं?"

त्यांनी चष्मा काढला. पुसत राहिले.

"ते मला नाही माहीत," म्हणाले. "पण जी कोणी होती, तिला 'जा' असं मी माझ्या तोंडाने म्हणालो. आणि ती गेली गं."